डाव्या मडगार्डावरची लाट

जलील मिस्त्रीनं गाडी दुकानाबाहेर काढली तेव्हा फजरची नमाज नुकतीच आटपली होती आणि औसा रोडवर क्लासला निघालेल्या पोरापोरींच्या सायकली सुरू झाल्या होत्या. गाडी तरी काय म्हणावी. अठ्ठावन्न सालची अकराशे फियाट, पुढची दारं उलटी उघडणारी. अंगावर रंगाचा एक थेंब नाही, नुसता पत्रा, वर्षानुवर्षं तेल चोळून काळसर पडलेला. मागं सीट नाही, पुढं फक्त ड्रायव्हरपुरती एक, बंपर नाही. टाकी गळकी म्हणून पेट्रोलचा कॅन आत डाव्या अंगाला पायाशी बांधलेला आणि त्यातून इंजिनाला रबरी नळी गेलेली. त्या कॅनशेजारी लाकडी खोक्यावर गोधडी टाकून त्याची बायको जोहरा बसली होती, मांडीवर डबा घेऊन. असल्या अवतारातली गाडी घेऊन हा माणूस नांदेडला निघाला होता, आणि तेही जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाला, जिथं लोक आरशासारख्या पुसलेल्या गाड्या आणतात.

“लोक हसतील,” जोहरा म्हणाली.

“हसू दे.”

“आन् हे पेट्रोल माझ्या पायावर सांडलं तर?”

“तर पाय वर घे.”

जोहरानं कपाळाला हात लावला. पस्तीस वर्षं संसार करून तिला एवढं कळलं होतं की या माणसाशी सकाळी वाद घालू नये. पण आज तो वेगळ्याच कारणानं तुटक बोलत होता, हेही तिला ठाऊक होतं.

बक्षीसबिक्षीस त्याच्या डोक्यातच नव्हतं. अकरा वाजता त्या मैदानावर केवळाबाई येणार होती. ही गाडी तिच्या नवऱ्याची, दगडोबाअण्णांची. तिनं गाडीवर एकदा हात फिरवावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. तिनं हात फिरवला तर दहा वर्षं रखडलेल्या गाडीला रंग चढणार होता. नाही फिरवला तर गाडी भंगारात, कारण महिनाअखेरीला जलीलचं दुकानच पाडणार होते. जागामालकाला तिथं मुलींचं होस्टेल बांधायचं होतं. लातुरात तेव्हा दुसरं काय चाललं होतं म्हणा. किराणा दुकान होतं तिथं मेस झाली, पिठाची गिरणी होती तिथं फिजिक्सचा क्लास झाला, आणि भिंतीभिंतीवर बारावीतल्या पोरांचे फोटो लागले. गाड्या ठोकणाऱ्यानं कुठं जावं, हा प्रश्न कुणाच्या पेपरात येत नव्हता.

आता हे हात फिरवण्याचं काय ते सांगायला पाहिजे. जलील डेंटर, म्हणजे चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारा. त्याचे उस्ताद उदगीरचे. त्यांची शिस्त अशी, की पत्रा ठोकून झाला की रंगाआधी गाडीच्या मालकाला बोलवायचं. मालकानं डोळे मिटून उघड्या पत्र्यावर तळहात फिरवायचा. पत्र्यात कुठं बारीक उंचसखल राहिलं असलं तर त्याला हे लोक लाट म्हणतात. ती नुसत्या डोळ्याला दिसत नाही. रंग चढून गाडी उन्हात उभी राहिली की दिसते, आणि तेव्हा बोंब मारून काही उपयोग नसतो. ‘ठोकणाऱ्याचा हात आपल्या कामाला सरावतो, त्याला आपली चूक लागत नाही,’ उस्ताद म्हणायचे. बाकीचे मिस्त्री वरून लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, थर थापून गाड्या मोकळ्या करत. जलीलनं मालकाच्या हाताशिवाय एकही गाडी रंगवली नाही. लातुरात त्याचं नाव झालं ते याच्यामुळं. आणि नाव झालं की माणसाला चढते, तशी त्यालाही चढली होती, ते झाकून कशाला ठेवायचं.

अनंत चतुर्दशीचा दिवस होता, त्र्याण्णव सालचा. उसाच्या ट्रॉलीनं चेपलेलं फियाटचं डावं मडगार्ड जलीलनं ठोकून सरळ केलं होतं. सगळी गाडीच रंगवायची म्हणून खरवडून नागडी केली होती. सीटा गादीवाल्याकडं होत्या. संध्याकाळी अण्णा गावाहून आले. तेरणेकाठी त्यांची चाळीस एकर जमीन, पण माणूस असा की दुकानात आला की आधी खोक्यावर बसून चहा मागवायचा, मग गाडीचं विचारायचा. त्यांनी डोळे मिटले, हात फिरवला आणि दिव्याच्या वर, बोनेटकडच्या अंगाला बोट ठेवलं.

“जलीलभाई, हितं लाट हाय बघा.”

जलीलनं हात फिरवला. त्याला काही लागलं नाही. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यातलं एक फिदकन हसलं. तेवढं पुरलं.

“अण्णा, तुमचा हात नांगराचा,” जलील म्हणाला. “त्याला पत्र्यातलं काय कळायलंय?”

अण्णा चिडले नाहीत. “मी थांबतो की रातच्याला. हितंच पडतो खोक्यावर. सकाळच्याला काढून दे, मंग रंग लाव.”

“जी न्हाईच ती काय काढू? जावा घरी. गणपती बुडवा, डोस्कं थंड झालं की या.”

“बरं,” अण्णा म्हणाले. “मंग श्यावटची गाडी तरी गाठतो.”

आणि ते एस.टी. स्टँडकडं चालत गेले. पहाटे जमीन हलली. उजाडेपर्यंत किल्लारीच्या आसपासची गावं दगडमातीचे ढीग होऊन पडली होती, अण्णांचं गावही त्यातच. अण्णा आणि त्यांचा थोरला मुलगा घराखाली सापडले. केवळाबाई नातीला घेऊन अंगणात निजली होती म्हणून दोघी वाचल्या.

जलीलनं सहा महिन्यांनी भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन केवळाबाईला गाठलं होतं. गाडी माझ्याकडं आहे, एवढंच म्हणाला. “ती माझ्या डोळ्यापुढं आणू नगा,” ती म्हणाली, “मोडा, जाळा, काय बी करा.” नंतर धाकट्या मुलानं तिला नांदेडला नेलं. तेव्हापासून जलील दर जुम्म्याला त्या गाडीला तेल चोळत होता आणि चोळता चोळता डाव्या मडगार्डावर हात फिरवत होता. लाट कधी लागली नाही. दुसऱ्या कुणाला मात्र त्यानं त्या पत्र्याला शिवू दिलं नाही. जोहरालाही नाही. नाही लागली तर अण्णा उगाच गेले, आणि लागली तर माझ्यामुळं गेले. हे त्यानं एकदाच बोलून दाखवलं, जोहराजवळ, आणि मग चार दिवस जेवला नाही.

केवळाबाईची ती नात म्हणजे पुनम. ती अकरावीला लातूरला आली आणि दुकानासमोरच्या होस्टेलात राहिली. एक दिवस उघड्या दारातून तिला फियाट दिसली, आणि रस्ता ओलांडून ती थेट आत आली. “ही आमची गाडी आहे ना चाचा?” दुकान पडणार हे कळल्यावर नांदेडच्या प्रदर्शनाची बातमीही तिनंच आणली. आजीला तिथं नेते, म्हणाली, कुठली गाडी ते सांगत नाही, सांगितलं तर येणार नाही. दर रविवारी तिच्या क्लासची परीक्षा असायची. प्रदर्शनही रविवारीच, म्हणून त्या दिवशीची परीक्षा बुडवून ती आदल्या शनिवारीच नांदेडला गेली. परीक्षा पुन्हा बुडवू देणार नव्हते, तेव्हा जे व्हायचं ते याच रविवारी.

गाडी स्वतःच्या इंजिनावर चालत आली पाहिजे आणि दहाच्या आत आली पाहिजे, असा प्रदर्शनाचा नियम होता. म्हणून तर ट्रकवर टाकून नेता आली नव्हती.

चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. इंजिन सुरात होतं. अहमदपूर सोडून पुढं उतार लागला, समोर कापसानं फुगलेला ट्रक आडवातिडवा चालला होता. जलीलनं ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय तळाला गेला. दाबला, सोडला, दाबला. नुसती हवा.

“काय झालं?” जोहरानं विचारलं. त्याच्या मानेची शीर तिला दिसली होती.

“काही न्हाई. दाराला धरून बस.”

त्यानं दुसरा गियर कोंबला. गाडी किंचाळली, हिसका बसून जोहराचा डबा खाली गेला, कॅनमधलं पेट्रोल डचमळून तिच्या सलवारीवर उडालं. तिनं ओरडायचं सोडून दोन्ही हातांनी कॅन कवटाळला. ट्रकचं मागचं फळकूट आता चार हातांवर आलं होतं. जलीलनं हँडब्रेक ओढला, पहिला गियर टाकला आणि चाक कडेच्या मातीत घातलं. गाडी खडी उडवत, घसरत, एका बाभळीच्या वीतभर अलीकडं थांबली.

जलीलनं इंजिन बंद केलं. मग जोहरानं त्याच्याकडं बघितलं. “मडगार्डाला लागलं का बघा आधी,” ती म्हणाली, “माझं नंतर बघा.”

त्याला हसूही आलं आणि डोळ्यात पाणीही. तो खाली उतरला. मडगार्ड धड होतं. मागच्या उजव्या चाकातून ब्रेक ऑइल गळत होतं. नवं सामान मिळायचं म्हणजे पुढं लोहा गावात दुकानं उघडेपर्यंत थांबा, आणि घड्याळात साडेसात वाजत आले होते. जलीलनं त्या चाकाकडं जाणारी तांब्याची नळी चाकाजवळच वाकवली, दगडावर ठेवून हातोडीनं चपटी केली आणि तोंड बंद करून टाकलं. बाटलीतलं उरलंसुरलं ऑइल वर ओतलं, नळीतली हवा काढली, पायानं दाबून बघितलं. पेडल अर्ध्यावर येऊन थांबलं. तीन चाकांच्या ब्रेकवर नांदेड गाठायचं होतं. चांगल्या मिस्त्रीनं असलं काम गिऱ्हाइकाच्या गाडीवर करू नये, आणि केलं तर सांगू नये.

लोहा ओलांडताना इंजिन तापलं, दोनदा थांबून हापशाचं पाणी घालावं लागलं. जोहरा चुन्नीच्या टोकानं घाम पुसत होती आणि दर गावाला वेळ विचारत होती. मैदानाच्या फाटकाशी गाडी आली तेव्हा दहाला सात मिनिटं कमी होती.

फाटकावर शिवमूर्ती नावाचे गृहस्थ होते, प्रदर्शनाच्या समितीचे सचिव, छातीला बिल्ला, हातात कागद. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि पेट्रोलच्या कॅनकडं बघून नाक मुरडलं.

“हे काय आणलंय?”

“अकराशे फियाट, साहेब. नाव लिवलंय बघा यादीत. जलील, लातूर.”

“गाडी लिहिलीय. हे भंगार आहे. रंग कुठंय? सीट कुठंय? कुठल्या डेंटरनं अर्धवट टाकलीय ही?”

मागं उभी असलेली चार पोरं हसली. दहा वर्षांपूर्वी असंच कुणीतरी हसलं होतं. जोहरानं डोळे मिटून घेतले, कारण आता हा माणूस काय बोलणार ते तिला पाठ होतं. गाडी फिरवणार आणि तडक लातूरला निघणार.

“मीच टाकली साहेब,” जलील म्हणाला. “माझीच चूक हाय.” त्यानं हात जोडले. “बक्षीस नगं, पाटी नगं. कोपऱ्यात उभी करू द्या. एक बाई येणार हायत बघायला. त्या बघून गेल्या की मी गाडी काढतो.”

शिवमूर्तींना वाद हवा होता, हात जोडलेल्या माणसाशी काय करावं ते त्यांना सुचेना. “तिकडं पाण्याच्या टँकरच्या मागं लावा,” ते म्हणाले, “आणि तो कॅन आधी बाहेर काढा.”

टँकरच्या मागं सावली होती. जलीलनं कॅन दूर नेऊन ठेवला, खोकं खाली काढलं, बोनेटवरची धूळ पुसली. अकरा वाजले. सव्वाअकरा वाजले. मैदानावर लाल, पांढऱ्या, मोरपंखी गाड्या उभ्या होत्या, लोक त्यांच्याशेजारी फोटो काढून घेत होते. टँकरमागं कुणी येत नव्हतं. जोहरानं डबा उघडला, त्यानं घासाला हात लावला नाही.

साडेअकराला पुनम दिसली. तिच्या हाताला धरून केवळाबाई येत होती, नऊवारी नेसलेली, केस पुरते पांढरे. टँकरला वळसा घालून ती समोर आली आणि जागच्या जागी थांबली. गाडी ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

“ह्याच्यासाठी आणलंस व्हय मला?” ती नातीला म्हणाली. आवाज चढला नव्हता. “चल माघारी.”

“आजी, एकदा बघ तरी.”

“चल म्हणते न्हवं.”

ती वळली. जलील दोन पावलं पुढं झाला. उद्याच्या उद्या गाडी भंगारात गेली असती आणि ही गोष्ट त्याच्या पोटात तशीच राहिली असती, मातीत जाईपर्यंत.

“वहिनी, अण्णा त्या दिवशी माझ्याकडं ऱ्हाणार होते,” तो म्हणाला.

केवळाबाईचे पाय थांबले.

“रातच्याला दुकानात थांबतो म्हणाले. पत्र्यात लाट हाय म्हणाले, काढून दे, तवर थांबतो. मला माज होता. चारचौघात मला चूक दाखवली म्हणून राग आला. तुमच्या हाताला काय कळतंय म्हणालो. घरी जावा म्हणालो, वहिनी. मी पाठवलं त्यांना त्या श्यावटच्या एस.टी.नं.” त्याचा आवाज फुटला. “दहा वर्षं तुम्हाला सांगायची हिंमत झाली न्हाई.”

टँकरच्या नळातून पाणी ठिबकत होतं. केवळाबाई त्याच्याकडं पाठ करूनच उभी होती. पुनमला हे काही ठाऊक नव्हतं, तिनं तोंडावर हात धरला होता. जोहराला वाटलं, ही बाई आता शिव्या देईल, दगड उचलील, आणि उचलला तर आपण आडवं जायचं नाही.

केवळाबाई वळली.

“कुठं हाय म्हणले होते?” तिनं विचारलं.

“ते मी सांगू न्हाई, वहिनी. दुकानाची रीत हाय. मालकानं डोळे झाकून हात फिरवायचा.”

ती गाडीजवळ आली. पदराला हात पुसले, डोळे मिटले आणि उजवा तळहात पत्र्यावर ठेवला. उजव्या मडगार्डापासून सुरुवात केली. हात सावकाश सरकत होता. जन्मभर भाकरी थापलेला हात तो, जाड कुठं, पातळ कुठं, ते त्याला न बघता कळत होतं. बोनेटवरून हात डावीकडं आला. दारापाशी गेला, मागं फिरला, मडगार्डाच्या मधोमध आला, दिव्याकडं उतरला आणि तसाच पुढं निघून गेला. जलीलनं श्वास सोडला. तो सुटल्याचा होता की बुडाल्याचा, हे त्याला तरी कुठं कळलं.

हात थांबला आणि परत वर आला. दिव्याच्या वर, बोनेटकडच्या अंगाला तिनं दोनदा बोटं फिरवली आणि एक बोट टेकवून ठेवलं.

“हितं,” ती म्हणाली. “हितं हाय.”

अण्णांचं बोट याच जागी टेकलं होतं. जलील पुढं झाला, त्यानं आपला हात तिथं ठेवला. तीस-पस्तीस वर्षं हातोडी धरून निबर झालेला हात. त्याला आजही काही लागलं नाही.

“मला लागंना, वहिनी.”

“तुमचं बोट द्या.” केवळाबाईनं त्याचं बोट धरलं, सांदीतल्या किड्यावर ठेवावं तसं नेमकं ठेवलं, आणि बारीकसं मागंपुढं ओढलं. तेव्हा त्याला ती लागली. केसाएवढी. दहा वर्षं तिथंच होती.

“खरं म्हणत होते ते,” केवळाबाई म्हणाली. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“हाव वहिनी. अण्णा खरं म्हणत होते.”

ती रडली, बराच वेळ रडली, पुनमच्या खांद्यावर डोकं ठेवून नव्हे, गाडीच्या छताला धरून. मग पदरानं तोंड पुसलं, इकडंतिकडं बघितलं आणि गोधडी घातलेल्या त्या खोक्यावर जाऊन बसली.

“काढा,” ती म्हणाली.

“आत्ता?”

“मंग कवा?”

जलीलनं हातोडी घेतली, पत्र्याच्या आतून धरायचा लोखंडी ठोकळा घेतला आणि मडगार्डाखाली हात घातला. हलकेच चार ठोके पडले तेवढ्यात शिवमूर्ती धावत आले. इथं ठोकाठोकी चालणार नाही, पाहुणे आलेत, हे प्रदर्शन आहे का गॅरेज, असं काहीबाही ते बोलले.

“गाडी माझी हाय,” केवळाबाई खोक्यावरून म्हणाली. “काम चालू हाय. तुम्ही तिकडं बघा.”

ते तिकडं बघायला गेले.

“वहिनी, याला वेळ लागंल,” जलील म्हणाला. “बारीक हाय. सांच होईल.”

“होऊ द्या. मला कुठली गाडी गाठायची हाय?”

तो पुन्हा ठोकायला लागला. दर थोड्या वेळानं थांबून विचारायचा, आता बघा. केवळाबाई उठायची, डोळे मिटायची, हात फिरवायची.

“अजून हाय थोडी,” ती म्हणायची, आणि परत येऊन खोक्यावर बसायची.